अस्वलांच्या विणीच्या काळात रान पाहण्यास येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आंबोली, चौकुळ आणि तिलारी या पट्ट्यात आमच्याबरोबर रान पाहण्यास येणारे बरेच ग्राहक पहिल्याच फोनवर "अस्वल दिसेल का?" असे विचारतात. हे पत्रक त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आहे आणि निघण्यापूर्वी आपल्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे, ही विनंती.

या रानात अस्वले आहेत; मात्र झाडी दाट असल्याने आणि अस्वल मुख्यतः संध्याकाळनंतर ते पहाटेपर्यंत फिरत असल्याने ते प्रत्यक्ष दिसणे दुर्मीळ आहे. आम्ही आपल्याला उकरलेली वारुळे, खोडांवरचे नखांचे ओरखडे आणि करवंद-जांभळांच्या बियांनी भरलेली विष्ठा दाखवू शकतो, आणि आमच्या मते या खुणा वाचण्यातही मोठा आनंद आहे. अस्वल पाहायचेच असा ज्यांचा आग्रह असेल, त्यांनी कर्नाटकात हंपीजवळ १९९४ साली स्थापन झालेल्या दरोजी अस्वल अभयारण्यात जावे. तेथे दुपारनंतर निरीक्षण मनोऱ्यावरून, पुरेशा अंतरावरून अस्वले पाहता येतात.

अस्वलांचे नर आणि मादी साधारणपणे मे ते जुलै या काळात एकत्र येतात. आपल्याकडे करवंदे, जांभळे आणि फणस पिकतात तेही मे-जूनमध्येच, त्यामुळे फळांच्या शोधात निघालेली माणसे आणि अस्वले एकाच जाळीपाशी येण्याचा संभव या दिवसांत अधिक असतो. पुढे सहा-सात महिन्यांनी, म्हणजे बहुधा नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान, मादी एखाद्या गुहेत, कपारीत किंवा स्वतः खणलेल्या बिळात एक किंवा दोन पिल्लांना जन्म देते. दोन-तीन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात ती आईच्या पाठीवरचे लांब केस घट्ट धरून; पुढे ती दोन ते अडीच वर्षे तिच्याबरोबरच राहतात. नाताळच्या सुट्टीत कोकणात पर्यटकांची गर्दी असते, तेव्हा वरच्या रानात एखादी आई नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना घेऊन बिळात बसलेली असू शकते. म्हणून त्या महिन्यांत गुहा, घळी आणि खडकांच्या कपारी पाहण्याची मागणी आम्ही स्वीकारत नाही, मग ग्राहक कितीही जुना असो.

अस्वल माणसाची शिकार करण्यासाठी अंगावर येत नाही, तर दचकल्यामुळे येते, हे मनात पक्के असावे. त्याचे नाक अतिशय तीक्ष्ण असते, पण नजर आणि कान त्या मानाने कमकुवत असतात. शिवाय वारुळात तोंड घालून ते वाळवी ओढून घेते, तेव्हा त्याचा फुरफुराट शंभर-दीडशे मीटरवरही ऐकू येतो. त्या आवाजात आणि खाण्याच्या तंद्रीत त्याला आपली चाहूल लागत नाही. वळणावर माणूस एकदम समोर आला की मागे हटण्याऐवजी ते धावून जाते, आणि पिल्ले बरोबर असली तर मादी हमखास आक्रमक होते. त्याची नखे सुमारे १० सेंटीमीटरपर्यंत लांब असतात आणि जखमा बहुधा डोक्याला व चेहऱ्याला होतात.

म्हणून पायी चालताना आम्ही आपल्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत राहण्यास सांगतो. एरवी रानात शांत राहण्यास सांगणारे आम्हीच असे कसे सांगतो, हा प्रश्न ग्राहकांना पडतो; पण अस्वलाला आपण येत असल्याचे आधीच कळणे, हेच दोघांच्या हिताचे आहे. शांत बसायचे ते ठरलेल्या जागी, वाहनात किंवा मचाणावर. सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर आम्ही पायी फेरी नेत नाही. कानात इअरफोन घालून चालू नये, मुलांना पुढे धावू देऊ नये आणि फळे, मध किंवा गूळ टाकून प्राण्याला बोलावण्याचा प्रयत्न करू नये.

अस्वल दूर दिसले तर जागीच थांबावे आणि त्याच्याकडे पाठ न करता हळूहळू मागे यावे. पळू नये, कारण ते माणसापेक्षा वेगाने धावते; झाडावर चढणेही उपयोगाचे नाही, कारण तेही चढते. एकटे पिल्लू दिसले तर आई जवळच आहे असे समजून आल्या वाटेने परतावे. हल्ला झालाच तर जमिनीवर पालथे पडावे, दोन्ही हातांनी मान आणि डोक्याचा मागचा भाग झाकून घ्यावा, आणि अस्वल दूर गेल्याची खात्री होईपर्यंत उठू नये. जखमी व्यक्तीसाठी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि वन विभागाला १९२६ वर कळवावे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये अस्वलाचा समावेश आहे, त्यामुळे त्याला छेडणे किंवा त्याचा पाठलाग करणे हा गंभीर गुन्हा ठरतो. ड्रोन आणि फ्लॅश आमच्या फेरीत चालणार नाहीत.

ताजी विष्ठा किंवा ओल्या मातीत उमटलेला पिल्लाचा ठसा दिसला, की आमचा वाटाड्या तेथूनच फेरी परत फिरवतो. त्या वेळी त्याच्याशी वाद घालू नये. अशा दिवसाचे पूर्ण पैसे आम्ही परत करतो.