‘एनओसी आहे ना, मग झालं!’

सोसायटीच्या सभेत आगीचा विषय निघाला की कुणीतरी उठून सांगतंच, ‘बिल्डिंग झाली तेव्हाच फायर ब्रिगेडची एनओसी मिळाली होती. फाईलमध्ये आहे.’ ती असेलही. पण तो कागद इमारत उभी राहिली त्या दिवसापुरतं बोलतो. त्यानंतर आग विझवायच्या पंपाला गंज चढला का, हे त्याला कुठून कळणार?

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार आग विझवायची यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादाराची, म्हणजे आपल्याकडे बहुतेकदा सोसायटीची. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून ती सुस्थितीत असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, वर्षातून दोनदा द्यायचा असतो : जानेवारीत आणि जुलैत. बिल्डर कधीच निघून गेलेला असतो.

जुन्या इमारतींत दिसतं ते असं : होजच्या, म्हणजे आग विझवायच्या पाइपच्या, पेटीला कुलूप, किल्ली गायब, आतलं पितळी नोझल भंगारात. ड्राय पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्याखाली उतरलेला. (पेटीवरचा लाल रंग मात्र दर दिवाळीला नवा!) आणि जिन्यात चपलांचे रॅक, जुनी गादी, कुणाची तरी सायकल.

जिना सर्वांत महत्त्वाचा, कारण आगीत अनेकदा ज्वाळांपेक्षा धूर जास्त जीव घेतो. ६ ऑक्टोबर २०२३ ला पहाटे गोरेगावच्या जय भवानी इमारतीत आग खाली पार्किंगमध्ये लागली, धूर वरच्या मजल्यांवर पसरला. किमान ७ माणसं गेली.

तेव्हा सेक्रेटरींना एनओसी मागू नका. मागच्या जुलैचा फॉर्म बी मागा, आणि पंप एकदा आपल्यासमोर चालू करून दाखवायला सांगा.