बेळगाव सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी दहावीनंतरचे संगणकशिक्षण : पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातील दहावीचा, निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातील ‘ग्राम वन’ या सरकारी सेवाकेंद्रांपुढे आणि नाडकचेरीच्या, म्हणजे दाखले देणाऱ्या महसूल कार्यालयाच्या, आवारात गर्दी उसळते, आणि त्या गर्दीत दाखल्यांसाठी आलेले पालकच पुष्कळ असतात. मुलाला किंवा मुलीला गुण चांगले मिळालेले असतात, संगणकशास्त्र घ्यायचे हे घरात ठरलेलेही असते; मात्र जातीचा दाखला काढलेला नसतो, आधारवरचे नाव मार्क्स कार्डाशी जुळत नसते, आणि अर्जाची मुदत चारच दिवस उरलेली असते. गेली काही वर्षे आमच्या भागातील मराठी माध्यमाच्या मुलांचे अर्ज भरून देताना हे चित्र मी दरवर्षी पाहतो. म्हणून ही माहिती निकालानंतर वाचण्यापेक्षा दहावीच्या दसऱ्याच्या सुट्टीत वाचावी आणि संक्रांतीपर्यंत कागद तयार ठेवावेत, अशी पालकांना कळकळीची विनंती आहे.

दहावीनंतर संगणकाकडे जाणाऱ्या मुख्य वाटा तीन आहेत : पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, संगणकशास्त्र विषय घेणे, पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर सायन्सचा डिप्लोमा करणे, किंवा आयटीआयमधील ‘कोपा’ हा अभ्यासक्रम करणे. या तिन्हींची पात्रता, अर्जाची पद्धत आणि पुढची दारे वेगवेगळी असल्यामुळे, कोणत्या वाटेने जायचे हे अर्ज भरण्याआधीच ठरलेले असावे.

पीयूसी

पीयूसी विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्र असा जो गट मिळतो, त्याला सर्वत्र ‘पीसीएमसी’ म्हणतात. वाणिज्य शाखेतही संगणकशास्त्र घेता येते. संगणकशास्त्र, अर्थशास्त्र, व्यवसाय अध्ययन आणि लेखाशास्त्र या गटाला ‘सीईबीए’ असे नाव आहे. पीयूसीचा प्रवेश महाविद्यालयाच्या पातळीवर होतो, म्हणजे प्रत्येक महाविद्यालयाचा अर्ज वेगळा घ्यावा लागतो आणि गुणवत्ता यादीही तेथेच लागते. अर्ज घेण्यापूर्वी कार्यालयात दोन गोष्टी विचाराव्यात : पीसीएमसी हा गट या महाविद्यालयात प्रत्यक्ष शिकवला जातो का, आणि दोन भाषांपैकी एक म्हणून मराठी घेण्याची सोय आहे का. पीयूसीच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, परंतु शिकवायला प्राध्यापक नसेल तर यादीतील नावाचा उपयोग होत नाही.

संगणकशास्त्राच्या पेपरला लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० असे गुण असतात, त्यामुळे महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा स्वतः जाऊन पाहणे पालकांना अवघड वाटू नये. पीसीएमसीमध्ये जीवशास्त्र सुटते, तेव्हा वैद्यकीय शिक्षणाचा विचार मनात असणाऱ्याने हा गट घाईने निवडू नये. अभियांत्रिकीसाठी मात्र हा गट पुरेसा आहे : भौतिकशास्त्र आणि गणित यांच्याबरोबर रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकशास्त्र यांपैकी एक विषय धरून सर्वसाधारण उमेदवाराला ४५ टक्के आणि आरक्षित प्रवर्गातील उमेदवाराला ४० टक्के गुण लागतात, आणि त्याशिवाय कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची सीईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. सीईटीचे पेपर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांचे असतात; संगणकशास्त्राचा पेपर नसतो, हे विसरून केवळ प्रोग्रामिंगमध्ये रमलेली मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यासाठी वाईट वाटते.

डिप्लोमा

डिप्लोमा तीन वर्षांचा, सहा सेमिस्टरचा असतो आणि तो महाविद्यालयीन व तांत्रिक शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतो. गणित आणि विज्ञान हे विषय घेऊन एसएसएलसी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी यासाठी अर्ज करू शकतो. प्रवेशाची अधिसूचना एसएसएलसीच्या निकालाच्या आसपास निघते. त्यानंतर अर्ज, कागदपत्रांची पडताळणी, गुणवत्ता यादी, संस्था आणि शाखांच्या पसंतीक्रमाची नोंद, जागेचे वाटप आणि शुल्क भरून संस्थेत हजर होणे, असे टप्पे येतात. त्यांची रचना वर्षानुवर्षे थोडी बदलते, म्हणून मागच्या वर्षी शेजारच्या मुलाने काय केले यावर विसंबून न राहता त्या वर्षीची अधिसूचना छापून घरात ठेवावी. पसंतीक्रम देताना कॉम्प्युटर सायन्सबरोबर जवळच्या शाखाही लिहाव्यात, कारण संगणकाच्या जागा सर्वांत आधी भरतात आणि एकच शाखा लिहिणारा विद्यार्थी पहिल्या फेरीत रिकाम्या हाताने परततो.

आपल्या भागात डिप्लोमा म्हणजे ‘कमी गुण मिळालेल्यांची वाट’ असा एक समज आहे, आणि तो सोडावा असे मला मनापासून वाटते. डिप्लोमा झाल्यावर डीसीईटी ही डिप्लोमाधारकांची प्रवेश परीक्षा देऊन अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. पीयूसीची दोन आणि अभियांत्रिकीची चार मिळून सहा वर्षे होतात. डिप्लोमाची तीन आणि अभियांत्रिकीची उरलेली तीन मिळूनही सहाच होतात. ज्या घरात एका वर्षाच्या उसाच्या बिलावर पुढच्या वर्षाचे शिक्षण अवलंबून आहे, तेथे तीन वर्षांनंतर हातात एक पूर्ण पात्रता असणे ही लहान गोष्ट नाही.

आयटीआयमधील कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट, हा एक वर्षाचा असून दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्याला खुला आहे. कार्यालयीन संगणककामाची नोकरी लवकर हवी असेल तर तो योग्य आहे. अभियांत्रिकीचे स्वप्न असेल तर नाही.

पात्रतेतील बारकावे

सीमाभागातील मुलांच्या बाबतीत खरी गुंतागुंत येथे आहे. आपल्याकडे मुले चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरला मामाकडे राहून दोन-चार वर्षे शिकतात आणि मग परत येतात. सीईटीतून सरकारी कोट्याच्या जागेसाठी पात्र ठरण्याचा सर्वसाधारण नियम असा की, इयत्ता पहिली ते पीयूसीचे दुसरे वर्ष (बारावी) या काळात किमान सात शैक्षणिक वर्षे कर्नाटकातील मान्यताप्राप्त शाळा-महाविद्यालयांत शिक्षण झालेले असावे आणि दहावी किंवा बारावीपैकी एक परीक्षा कर्नाटकातून उत्तीर्ण झालेली असावी. म्हणून मुलाच्या शिक्षणाची वर्षे एका कागदावर इयत्तावार लिहून मोजावीत, आणि प्रत्येक शाळेकडून अभ्यास प्रमाणपत्र, म्हणजे मूल कोणत्या इयत्ता तेथे शिकले याचा दाखला, आणावे. शाळा बंद पडली किंवा दुसऱ्या शाळेत विलीन झाली असेल, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी लागते आणि त्याला वेळ लागतो.

ग्रामीण आरक्षणाचा नियम त्याहून कडक आहे : पहिली ते दहावी अशी सलग दहा वर्षे ग्रामीण भागातील शाळेत शिक्षण झालेले असावे लागते. उचगाव किंवा कडोलीत राहणारे मूल आठवीपासून बेळगाव शहरातल्या हायस्कूलला जाऊ लागले की घर खेड्यात असूनही हा लाभ सुटतो, कारण येथे शाळेचा पत्ता पाहिला जातो. त्याचप्रमाणे कन्नड माध्यमासाठी राखीव असलेल्या जागांवर मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने हक्क सांगू नये. तसा दावा केला तर पडताळणीत तो रद्द होतो आणि मनस्ताप होतो. विभागीय आरक्षणाचे राज्यघटनेतील ३७१-जे हे कलमही कल्याण कर्नाटकातील, म्हणजे राज्याच्या ईशान्येकडील, जिल्ह्यांसाठी आहे, बेळगाव जिल्हा त्यात येत नाही.

जातीच्या प्रवर्गांबाबत एक स्पष्टता हवी. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गीयांच्या ३-बी प्रवर्गात येतो, आणि त्यासाठी तहसीलदारांचे जात व उत्पन्न प्रमाणपत्र नाडकचेरीतून काढावे लागते. त्यावरील ‘आरडी’ने सुरू होणारा क्रमांक हाच अर्जात विचारला जातो, म्हणून दाखला हाती आला की हा क्रमांक लगेच वहीत टिपून ठेवावा. ३-बी हा कर्नाटकाचा प्रवर्ग आहे. महाराष्ट्रात या नावाचा प्रवर्ग नाही, तेव्हा तोच दाखला तेथे आरक्षणासाठी दाखवता येईल असे गृहीत धरू नये.

नावाचे लेखन

इतर सगळ्या कागदांपेक्षा जास्त अर्ज नावाच्या लेखनामुळे अडतात. आपली नावे मराठीतून कन्नडमध्ये आणि कन्नडमधून इंग्रजीत जाताना रूप बदलतात. ज्ञानेश्वर हे नाव मराठी वळणाने लिहिले तर डी-एन-वाय या अक्षरांनी सुरू होते, आणि कन्नड दाखल्यावरून उतरवले तर जे-एन या अक्षरांनी. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर, हेही नेहमीचे आहे. माणसाच्या डोळ्याला हे एकच नाव वाटते. संगणकाला ती तीन वेगळी माणसे दिसतात. आमच्या गल्लीतील एका मुलीची शिष्यवृत्ती केवळ या कारणाने वर्षभर अडकून पडली होती, आणि तिच्या वडिलांनी त्यासाठी रोजगार बुडवून किती हेलपाटे घातले हे मी जवळून पाहिले आहे.

यावर उपाय असा की, दहावीच्या परीक्षेची नोंदणी होते तेव्हा शाळेत जाऊन विद्यार्थ्याचे, आईचे आणि वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि जात या नोंदी पालकांनी स्वतः डोळ्यांखालून घालाव्यात, कारण मार्क्स कार्ड छापून आल्यावर दुरुस्ती फार जिकिरीची होते. शाळेच्या सॅट्स या विद्यार्थी-नोंदीच्या सरकारी संगणक प्रणालीतील नोंदही त्याच वेळी तपासून सॅट्स क्रमांक लिहून घ्यावा. अभ्यासाच्या वर्षांची पडताळणी त्यावरून होते. मग आधार, बँकेचे पासबुक आणि जातीचा दाखला हे मार्क्स कार्डावरील नावाशी जुळवून घ्यावेत. जुळवताना प्रमाण मार्क्स कार्डच मानावे, उलट करू नये.

एवढे झाल्यावर बाकीची जुळवाजुळव सोपी आहे : एसएसएलसीचे मार्क्स कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, पहिली ते दहावीची अभ्यास प्रमाणपत्रे, ग्रामीण लाभ हवा असल्यास विहित नमुन्यातील प्रमाणपत्र, जात व उत्पन्न प्रमाणपत्र, आधार, फोटो, आणि आधारशी जोडलेले विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते. मूळ कागद संस्थेत जमा करण्यापूर्वी प्रत्येकाच्या साक्षांकित झेरॉक्स प्रतींचे किमान चार संच करावेत.

महाराष्ट्रातील प्रवेश

महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रातील पदविका आणि अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत सीमाभागातील उमेदवार म्हणून स्वतंत्र प्रकारातून अर्ज करता येतो. त्यासाठी दहावी किंवा बारावी सीमाभागातील मान्यताप्राप्त संस्थेतून उत्तीर्ण झालेली असावी लागते, आणि गाव विवादित सीमाभागात असल्याचे व मातृभाषा मराठी असल्याचे अशी दोन प्रमाणपत्रे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतील नमुन्यातच द्यावी लागतात. साध्या लेटरहेडवर लिहून आणलेला दाखला, मजकूर बरोबर असला तरी, चालत नाही. जिल्ह्यातील सगळीच गावे त्या यादीत नाहीत, म्हणून गावाचे आणि तालुक्याचे नाव यादीत आधी पाहावे. दोन्ही राज्यांत अर्ज करण्यास हरकत नाही, पण शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणि मार्क्स कार्ड एकाच ठिकाणी जमा होऊ शकते. तेव्हा ते देण्यापूर्वी निर्णय पक्का झालेला असावा.

प्रवेशानंतर

शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशाबरोबर आपोआप होत नाही. कर्नाटकातील मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी राज्य शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे एसएसपीवर, वेगळा अर्ज भरावा लागतो. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलींसाठी एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती आहे : कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास वर्षाला ५०,००० रुपये मिळतात, आणि एका कुटुंबातील दोन मुलींना तिचा लाभ घेता येतो. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो. सीमाभागातील मुलींचे अर्ज या योजनेला फार थोडे जातात असा माझा अनुभव आहे, आणि तो बदलावा अशी इच्छा आहे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिले सहा महिने इंग्रजी पुस्तकांचे ओझे वाटते. एआयसीटीईने डिप्लोमाची आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाची पुस्तके ई-कुंभ पोर्टलवर मराठीतही विनामूल्य ठेवली आहेत, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील संगणकाचे धडे मराठी आवाजात ऐकता येतात. परीक्षा आणि निकाल यांच्यामधल्या मोकळ्या आठवड्यांत रोज तासभर हे धडे करावेत, आणि प्रत्येक संज्ञेचा इंग्रजी शब्द शेजारी वहीत लिहीत जावा, म्हणजे कॉलेज सुरू झाल्यावर वर्गात बोललेले कानाला ओळखीचे वाटेल.