मोडाचं तोंड खालीच का?

मटकीला मोड आले म्हणतो, तेव्हा सालीतून डोकावणारं पांढरं शेपूट कोंब नसतं, मूळ असतं. काचेच्या पेल्याला आतून ओला टिश्यू पेपर लावा, कागद आणि काचेच्या मध्ये मोडाची मटकी अडकवा. मूळ खाली लांबलं की मटकी बाजूला राहील अशा बेताने पेला आडवा करून अंधाऱ्या फडताळात ठेवा. दुसऱ्या दिवशी मूळ पुन्हा खाली वळलेलं असेल. ओल चहूकडे सारखीच, उजेड तर नाहीच. मग त्याला 'खाली' कळलं कशावरून?

गुरुत्वाकर्षण बंद करता येत नाही, म्हणून इंग्लंडच्या थॉमस अँड्र्यू नाइटने 1806 साली त्याला चकवलं. पाण्यावर फिरणाऱ्या उभ्या चाकाला त्याने बिया बांधल्या. गरगरणाऱ्या बीला ठरावीक 'खाली' उरतच नाही. उरतो तो बाहेर फेकणारा जोर. मुळं चाकाबाहेर वाढली, कोंब आसाकडे! पाणचक्कीवर केलेला इतका देखणा प्रयोग मला दुसरा माहीत नाही.

पुढे 1880 मध्ये चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी दाखवलं, की मुळाचं टोक जाळलं तर मूळ वाढतं, पण वळत नाही. जाणीव टोकाला, वळण मात्र थोडं मागे. टोकावरच्या मूलटोपीत काही पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात. मूळ आडवं झालं, की ते घरंगळून नव्या तळाशी बसतात. पाठोपाठ ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या बाजूला जास्त वाहू लागतं. मुळात जास्तीचं ऑक्झिन वाढ रोखतं. डावा बैल मंदावला की गाडी डावीकडे वळते, तसंच हे: खालची बाजू रेंगाळते, वरची लांबते, मूळ खाली झुकतं. कोंबात हेच ऑक्झिन वाढीला जोर देतं, म्हणून तो वर उठतो.

पण कण बसल्याचा निरोप पेशीला मिळतो कसा? या गाठीचा एक धागा 2023 साली चीन आणि जपानमधल्या संशोधकांनी सोडवला: कणांच्या पृष्ठभागावरची 'लेझी' प्रथिनं जवळच्या पेशीपटलावर उतरतात आणि ऑक्झिनला दिशा देतात. गंमत म्हणजे स्टार्च बनवू न शकणाऱ्या रोपांची मुळंही वळतात, फक्त सावकाश.

आणि सगळीच मुळं खाली जात नाहीत. कोकणातल्या खाडीत ओहोटीला तिवराभोवती चिखलातून पेन्सिलींसारखी टोकं वर आलेली दिसतात. तीही मुळंच, चिखलात हवा नाही, म्हणून श्वासासाठी वर निघालेली.