खताचा आकडा आणि खताचा पत्ता

कुठल्या देशात डुकरांच्या खतातून किती नत्र (नायट्रोजन) शेतजमिनीत गेलं, याची १९६१पासूनची देशवार आकडेवारी संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना प्रसिद्ध करते. साठ वर्षांहून लांब ही रांग पाहिली की वाटतं, कुणीतरी दरवर्षी शेताच्या बांधावर उभं राहून टँकर मोजले असतील. तसं कुणीही केलेलं नाही. देशातल्या डुकरांची संख्या घ्यायची, तिला सरासरी वजनाने गुणायचं, किलोमागे रोज किती नत्र बाहेर पडतं त्याने पुन्हा गुणायचं आणि साठवणीत उडून जाणारा हिस्सा वजा करायचा. उरतं ते मातीला दिलेलं खत.

हे गुणक आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या तक्त्यांमधून येतात, कारण हा सगळा हिशेब मुळात हवामानासाठी मांडलेला आहे. खत मातीत पडल्यावर त्यातल्या नत्राचा एखादा टक्का नायट्रस ऑक्साईड होऊन हवेत जातो, आणि हा वायू कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरून ठेवतो. समितीच्या २००६च्या तक्त्यात मांसासाठी पोसलेलं पश्चिम युरोपातलं डुक्कर सरासरी ५० किलोचं धरलं आहे, तर आशियातलं २८ किलोचं. त्या हिशेबाने एका युरोपीय डुकरामागे वर्षाला नऊ किलोंच्या आसपास नत्र निघतं आणि आशियाई डुकरामागे चार-साडेचार किलो. वर्षं बदलली तरी गुणक तेच राहतात. त्यामुळे देशाचा आलेख चढला, तर डुकरं वाढली एवढंच खात्रीने म्हणता येतं. खाद्यातली प्रथिनं कमी केल्यामुळे मूत्रातलं नत्र घटलं असेल, तर या आलेखाला त्याची गंधवार्ताही नसते. डेन्मार्क, नेदरलँड्ससारखे देश म्हणूनच आपले स्वतःचे गुणक काढतात आणि ते वेळोवेळी बदलतात.

आकड्याच्या आड काय घडतं, ते खताजवळ गेल्याशिवाय कळत नाही. मोठ्या फार्मवर डुकरं फटींच्या जमिनीवर उभी असतात आणि मल, मूत्र, धुण्याचं पाणी असं सगळं खालच्या खड्ड्यात साचतं. ही स्लरी शेणखतासारखी भुसभुशीत नसते. तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि नत्राचा निम्म्याहून मोठा भाग अमोनियमच्या रूपात असतो. पिकाला तो लगेच लागू पडतो, आणि हवेलाही. वाऱ्याच्या दिवशी, उन्हात, स्लरी वरून फवारून पसरली की नाकात तिखट वास भरतो, डोळे चुरचुरतात. तो वास म्हणजे उडून चाललेलं खत. उडायचं त्यातलं बरंचसं पहिल्या काही तासांतच उडून जातं. तीच स्लरी लोंबत्या नळ्यांनी पिकाच्या ओळींमध्ये सोडली किंवा जमिनीला चीर पाडून आत घातली, तर त्यातलं पुष्कळ मातीत टिकतं. शेतात वाफसा नसेल किंवा पीकच उभं नसेल, तर मात्र टिकलेलं नत्रही नायट्रेट होऊन पाण्यासोबत भूजलात उतरतं. आणि हे झालं शेतातलं. साठवणीतलं नुकसान वेगळंच: आयपीसीसीच्याच तक्त्यानुसार शेडखालच्या खड्ड्यात पाव हिस्सा नत्र जातं, उघड्या तळ्यांत तीन चतुर्थांशांहून जास्त.

मला या विषयात सर्वांत शिकवून जाणारा देश वाटतो तो डेन्मार्क. माणसं साठ लाखांच्या आसपास, डुकरं त्याच्या जवळपास दुप्पट. १९८६च्या शरद ऋतूत डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या कॅटेगॅटच्या समुद्रातून कोळ्यांनी मेलेले लॉबस्टर बाहेर काढले. शेतातून वाहून आलेल्या नत्र-स्फुरदावर (स्फुरद म्हणजे फॉस्फरस) शेवाळ माजलं होतं आणि ते कुजताना तळाचा प्राणवायू संपला होता. ते दृश्य टीव्हीवर घरोघरी पोचलं आणि १९८७मध्ये संसदेने पाण्यात जाणारं नत्र जवळपास निम्म्याने घटवायचं ठरवलं. हिवाळाभर खत ओतायचं नाही, म्हणून शेतकऱ्यांना नऊ महिन्यांचं खत मावेल अशा टाक्या बांधाव्या लागल्या. पुढे वरून फवारणं बंद झालं. सगळ्यात मोलाचा नियम मला हा वाटतो: डुकराच्या स्लरीतलं ७५ टक्के नत्र पिकाला मिळालंच आहे असं धरून तेवढं रासायनिक खत शेतकऱ्याच्या वाट्यातून कापायचं. खत वाया घालवलं तर तोटा त्याचाच. १९९० ते २००३ या काळात डेन्मार्कमधली डुकरं सुमारे ९५ लाखांवरून १ कोटी ३० लाखांच्या घरात गेली, आणि तरीही रासायनिक नत्राचा वापर चार लाख टनांवरून दोन लाखांवर आला. मुळांखालून झिरपून जाणारं नत्रही जवळजवळ निम्मं झालं. डुकरांच्या खताचा आलेख तेवढा पाहणाऱ्याला या वर्षांत फक्त चढ दिसेल.

स्फुरदाची गोष्ट इतकी सरळ नाही. पिकाची नत्राची गरज भागेल एवढी स्लरी घातली, तर स्फुरद गरजेपेक्षा जास्त पडतं, आणि ते उडून जात नाही. मातीला चिकटून वर्षानुवर्षं साचतं. नेदरलँड्समध्ये १९९७च्या सुमारास दीड कोटी डुकरं होती. त्याच वर्षीच्या स्वाइन फीव्हरच्या साथीनंतर आणि पुढच्या कडक नियमांनंतर संख्या खाली आली, पण जुन्या डुकरांचं स्फुरद त्या वालुकामय जमिनीत अजून आहे.

आलेखातल्या चीनच्या रेषेकडे पाहताना मात्र मी फार थबकते. तिथे डुक्कर आणि शेत यांचं नातं दोन हजार वर्षांचं. हान राजवंशाच्या काळातल्या थडग्यांमध्ये डुकरांच्या खुराड्याच्या मातीच्या प्रतिकृती सापडतात, त्यांतल्या कित्येकांवर घरचं शौचकूपही जोडलेलं असतं. खत हीच डुकराची मोठी कमाई होती. डुकराला माओंनी १९५९मध्ये सेंद्रिय खताचा छोटा कारखाना म्हटलं, ते याच शहाणपणातून. १९७८मध्ये चीनमध्ये तीस कोटी डुकरं होती, २०१८च्या अखेरीस ४२.८ कोटी. मग आफ्रिकन स्वाइन फीव्हर पसरला आणि वर्षभरात संख्या ३१ कोटींवर आली. दोनच वर्षांत, २०२१च्या शेवटी, ती ४४.९ कोटी होती. रेषेतला खड्डा भरून निघाला. पण साथीत ज्यांच्या अंगणातली पाच-दहा डुकरं मेली त्यांतल्या अनेकांनी ती पुन्हा पाळली नाहीत. वाढ झाली ती मोठ्या फार्मवर. हुबेई प्रांतातल्या अझोऊजवळ तर २६ मजली इमारत उभी राहिली, मजल्यामजल्यावर डुकरं ठेवलेली. आलेखात नत्राचे टन पूर्वीइतकेच दिसतात, पण अंगणाला लागून असलेल्या ज्या वाफ्यांना बादलीने खत मिळायचं, तिथे आता युरियाची गोणी येते.