चष्म्याला नजर कळते ती एका ठिपक्यामुळे

कॅमेऱ्याचे स्मार्ट चष्मे भारतात मिळू लागल्यापासून एक समज पक्का होत चाललाय: आपण जिकडे बघतो ते चष्म्याला कळतं. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक चष्म्यांना ते मुळीच कळत नाही. रे-बॅन मेटाच्या फ्रेममधला १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा बाहेर बघतो, डोळ्याकडे रोखलेला कॅमेरा त्यात नाहीच. डोकं कुठे वळलंय एवढंच त्याला ठाऊक असतं, आणि डोकं न हलवता आपण डोळे १५ अंश सहज फिरवतो. नजर मोजायला वेगळी यंत्रणा लागते. डोक्यावर चढवायच्या मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स २ मध्ये (२०१९) आणि अ‍ॅपलच्या व्हिजन प्रोमध्ये (२०२४) ती आहे, मेटाच्या प्रोजेक्ट एरिया या संशोधनासाठीच्या चष्म्यातही आहे.

या यंत्रणेत फ्रेमच्या कडेला बारीक अवरक्त (इन्फ्रारेड) एलईडी असतात आणि डोळ्याकडे वळवलेला एक छोटा कॅमेरा. अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्रास देत नाही, हे एक कारण झालं. दुसरं कारण आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. साध्या प्रकाशात गडद तपकिरी डोळ्यातली बाहुली आणि भोवतीचं बुबुळ वेगळं काढणं कॅमेऱ्याला जड जातं. बुबुळाला तपकिरी रंग देणारं मेलॅनिन अवरक्त प्रकाश फारसा शोषत नाही, त्यामुळे तेच बुबुळ राखाडी उजळ दिसतं आणि मधली बाहुली काळीकुट्ट. तरंगलांबी बहुधा ८५० किंवा ९४० नॅनोमीटर असते. उन्हातल्या ९४० च्या आसपासच्या प्रकाशाचा बराच भाग हवेतली वाफ वाटेतच शोषून घेते, म्हणून बाहेर वापरायला ९४० बरी. मात्र सिलिकॉनचे सेन्सर तिथे कमी संवेदनशील असतात.

आता खरी गंमत. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे पारपटलाचा, अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) सुमारे १.३७६. त्यावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम अडीच टक्के परत फिरतो. तेवढा पुरतो. घासलेल्या स्टीलच्या वाटीच्या पाठीवर दिवा इवलासा चमकतो, तसा एलईडीचा ठिपका पारपटलावर चमकतो. डोळ्यातल्या अशा प्रतिबिंबांचं वर्णन यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८२३ मध्ये केलं होतं. हे पहिलं आणि सगळ्यांत तेजस्वी प्रतिबिंब.

डोळा फिरतो तो पारपटलाच्या टोकापासून साधारण १३.५ मिलिमीटर मागच्या एका बिंदूभोवती. कॅमेऱ्याला दिसणारी बाहुली त्या बिंदूच्या सुमारे १०.५ मिमी पुढे असते, तर पारपटलाच्या गोलाचा केंद्र (त्रिज्या ७.८ मिमी) फक्त ५.७ मिमी पुढे. डोळा एक अंश वळला की बाहुली ०.१८ मिमी सरकते. ठिपका गोलाच्या केंद्राबरोबर सरकतो, म्हणून तो ०.१० मिमीच सरकतो. दोघांतला हा ०.०८ मिमीचा फरक म्हणजे नजर.

एवढी यातायात कशासाठी? घाम आला की चष्मा नाकावरून घसरतो म्हणून. नुसती बाहुली बघणाऱ्या कॅमेऱ्याला अर्ध्या मिलिमीटरची घसरण जवळजवळ तीन अंशांच्या नजरेसारखी दिसते. ठिपका धरला की कॅमेऱ्याच्या हलण्याचा परिणाम वजा होतो, कारण चित्रात दोघंही बरोबर सरकतात. तरी एलईडीही फ्रेमबरोबर हललेला असतोच, त्यामुळे ठिपका थोडा जागा बदलतो आणि पाऊणेक अंशाची चूक उरते. तीही काढायची म्हणून एकाऐवजी अनेक एलईडी लावतात आणि त्यांच्या ठिपक्यांच्या आपसातल्या अंतरांवरून पारपटलाच्या केंद्राची त्रिमितीतली जागा काढतात.

तरीही सुरुवातीला पडद्यावर दाखवलेल्या खुणांकडे एकेक करून बघावं लागतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावरचा, म्हणजे दृष्टिपटलावरचा, सर्वांत तीक्ष्ण भाग डोळ्याच्या अक्षावर नसून साधारण पाच अंश बाजूला असतो. ही तफावत प्रत्येकाची वेगळी आणि ती बाहेरून दिसत नाही, म्हणून ती अशी मोजून घ्यावी लागते.

बिघडतं कुठे? जाड काजळ कार्बनचं असतं, अवरक्तातही काळंच दिसतं आणि प्रोग्रॅम त्यालाच बाहुली समजू शकतो. खाली बघताना पापणी बाहुली अर्धी झाकते. आतून नंबरची काच बसवली की तिची स्वतःची प्रतिबिंबं खऱ्या ठिपक्यांत मिसळतात. आणि एक सांगायलाच हवं: डोळे वर उजवीकडे गेले की माणूस खोटं बोलतो, या दाव्याला २०१२ मध्ये प्रयोगांनी तपासून पाहिलं तेव्हा काहीही आधार सापडला नाही. अशा चष्म्याने खोटं पकडून दाखवतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

नजरेची दिशा कळली तरी वस्तू किती लांब आहे ते उरतंच. दोन्ही डोळ्यांच्या नजरा जिथे मिळतात ते अंतर काढता येईल असं वाटतं. बाहुल्यांमधलं अंतर ६३ मिमी धरलं तर अर्ध्या मीटरवर दोन नजरांतला कोन ७.२ अंश, दोन मीटरवर १.८ आणि तीन मीटरवर १.२. शेवटच्या दोघांत फरक ०.६ अंशाचा, आणि होलोलेन्स २ ची नजरेची अचूकताच सुमारे दीड अंशाची. म्हणजे हाताच्या टप्प्यापलीकडे ही युक्ती कुचकामी.

म्हणून बाहेरच्या बाजूला अंतरमापक सेन्सर हवा. तो अवरक्त प्रकाश ठरावीक वारंवारितेने कमीजास्त करत सोडतो आणि परतलेली लाट किती मागे पडली ते मोजतो. एका सेंटिमीटरला जाऊन-येऊन ६७ पिकोसेकंद (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा हजारावा भाग म्हणजे एक पिकोसेकंद) लागतात, एवढ्या बारकाईचा हा मामला. वारंवारिता १०० मेगाहर्ट्झ असेल तर दर दीड मीटरला लाट पुन्हा पहिल्यासारखी होते आणि १.७ मीटरवरची खुर्ची ०.२ मीटरवर असल्यासारखी भासते. वेगळ्या वारंवारितेचं दुसरं मोजमाप घेतलं की हा घोळ सुटतो. खिडकीच्या काचेतून मात्र प्रकाश आरपार जातो, काळं मखमल तो गिळून टाकतं, आणि खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंतींवर आपटून परतलेला प्रकाश कोपरा असतो त्यापेक्षा लांब दाखवतो.

शेवटी नजरेची रेघ या अंतराच्या नकाशाला जिथे टेकते ती वस्तू निवडली जाते. दीड अंशाची चूक दोन मीटरवर पाच सेंटिमीटर होते. टेबलावरच्या कपाकडे बघत असाल तर रेघ कपाच्या कडेवरून निसटून मागच्या भिंतीवर जाऊ शकते, आणि अंतर एकदम दुप्पट निघतं. यावर उपाय म्हणून रेघेच्या भोवतीचा छोटा शंकू तपासतात आणि त्यात सापडलेल्या वस्तूंपैकी जवळची धरतात. होलोलेन्ससाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टने नजरेने निवडायची बटणं निदान दोन अंशांची ठेवायला सांगितलंय, म्हणजे दोन मीटरवर सात सेंटिमीटर रुंद.