लंगडणारी कोंबडी: तळव्याची गाठ की पायाची खरूज?

कोंबडी लंगडायला लागली की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला, पायाला तेल-हळद. गुण आला तर ठीक, नाही तर रविवारी कालवण. पण परसातल्या कोंबड्यांना पायाचे दोन अगदी वेगळे आजार होतात. एकावर तेल चालतं, दुसऱ्यावर ते वाया जातं. म्हणून बाटली उघडण्याआधी कोंबडी काखेत धरावी आणि पाय उलटा करून बघावा.

तळव्याच्या मधोमध मिरीएवढी काळी खपली, भोवती सूज, हाताला गरम लागतंय आणि बहुतेक वेळा एकाच पायाला, तर ते बंबलफूट. दिसतं माणसाच्या भोवरीसारखं, पण आत जंतुसंसर्ग असतो, बहुधा स्टॅफिलोकोकसचा. काटा, तारेचं टोक, बसायची खडबडीत दांडी किंवा उंचावरून मारलेली उडी, एवढी जखम त्याला पुरते. आमच्या गिरिराज जातीच्या कोंबडीला झालं ते भिंतीवरून रोज धपकन उतरण्याने. जड कोंबड्यांना हे जास्त.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची: कोंबडीचा पू वाहत नाही. पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट होऊन बसतो, त्यामुळे पिळून काही निघत नाही, उलट संसर्ग आत ढकलला जातो. गाठ लहान असेल तर पाय कोमट पाण्यात एप्सम मीठ घालून दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवावा, पुसून कोरडा करावा, पोव्हिडोन आयोडीन लावावं आणि गॉजची पट्टी बांधावी. पट्टी रोज बदलायची, आणि बोटं थंड किंवा फुगलेली दिसली तर ती आवळली आहे असं समजायचं. हातमोजे घाला, हे जंतू माणसालाही त्रास देतात. कोंबडी पाय टेकतच नसेल किंवा सूज वर चढत असेल तर पशुवैद्यक गाठावा. घरी ब्लेड चालवू नये. प्रतिजैविक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत तेही त्यांनाच विचारा.

दुसरा आजार पाय उलटा न करताच दिसतो. नडगीवरचे आणि बोटांवरचे खवले उचलले जातात, खाली पांढुरकी भुकटी साचते, पाय चुना फासल्यासारखा जाडजूड होतो. सहसा दोन्ही पाय, आणि जास्त करून म्हाताऱ्या कोंबड्या. ही खरूज. डोळ्यांना न दिसणारा एक किडा खवल्यांखाली बिळं करून राहतो. त्याला दम कोंडून मारायचं, म्हणून इथे तेल किंवा व्हॅसलीन खरोखर उपयोगी पडतं. साबणाच्या कोमट पाण्यात पाय भिजवा, जुन्या मऊ टूथब्रशने हलकेच घासा, कोरडा करा आणि व्हॅसलीन चोपडा. दोन-तीन दिवसांआड, निदान तीन-चार आठवडे. खपल्या उपटू नका, रक्त येतं. रॉकेल लावायची जुनी पद्धत तर सोडूनच द्या, कातडी भाजते.

घरच्या घरी सगळ्यात जास्त चूक होते ती पुढे. बंबलफूट एका कोंबडीचं दुखणं, तिला कोरड्या तुसावर वेगळं ठेवलं आणि दांडी गुळगुळीत, बुटकी केली की झालं. खरूज मात्र अख्ख्या खुराड्याची असते. एकीचे पाय चोपडून बाकीच्यांना तसंच सोडलं, तर महिन्याभरात परत तेच. सगळ्यांचे पाय, दांड्या आणि त्यांच्या फटी एकदमच हाताळायच्या. किडे मेले तरी जुने खवले गळून नवे यायला महिने लागतात, तेवढ्यावरून औषध बदलू नका.

आणि तळवा स्वच्छ, खवले चपट, तरी तलंग (तरुण कोंबडी) एक पाय पुढे आणि एक मागे टाकून पडली असेल, तर तो पायाचा आजारच नसेल. मरेक्स या नसांवर परिणाम करणाऱ्या विषाणूच्या आजारात असं होतं. तिथे टबही नको, व्हॅसलीनही नको. तिला बाजूला काढा आणि डॉक्टरांना फोन करा.