‘रूमर्स’: बाराव्या गाण्याचा वाद

फ्लीटवुड मॅक या रॉक बँडच्या ‘रूमर्स’ अल्बमबद्दल आता नव्याने लिहिणारे बँडमधल्या प्रेमभंग-घटस्फोटांच्या पाठ झालेल्या कहाणीत फारसे रमत नाहीत. ते वकिली करतात ती अल्बममध्ये नसलेल्या गाण्याची, बँडची गायिका स्टीव्ही निक्सने लिहिलेल्या ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ची.

१९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉसालिटोला ध्वनिमुद्रण सुरू झालं, फेब्रुवारी १९७७ मध्ये अल्बम आला, अमेरिकेत ३१ आठवडे पहिल्या नंबरवर राहिला. पंक या खडबडीत, बंडखोर रॉकवाल्यांनी अशा गुळगुळीत रॉकची टर उडवायचं तेच वर्ष. खपाचं कौतुक झालं, तसा खपाचा संशयही बराच काळ चिकटून राहिला.

गाणं वगळण्याचं अधिकृत कारण लांबी. एलपी रेकॉर्डच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपलीकडे ऐवज कोंबला की खाचा जवळजवळ येतात, आवाज दबतो, बेस म्हणजे खर्जाचा भाग पातळ होतो. हे खरंच. पण अख्खा अल्बम चाळीस मिनिटांच्या आतला. पावणेपाच मिनिटांचं गाणं काढून त्याच गायिकेचं सव्वातीन मिनिटांचं जुनं गाणं घातलं, म्हणजे वाचलं दीडेक मिनिट! संथ गाणी आधीच पुष्कळ होती, हे कारण त्यापेक्षा पटतं. पटत नाही ती पद्धत. गायिकेला हा निर्णय पार्किंगमध्ये सांगितला गेला, आणि गाण्याचे हक्क तर तिने आईला देऊन टाकलेले. ते निघालं ‘गो युवर ओन वे’ या सिंगलच्या मागच्या बाजूला. म्हणजे पुढे तिचा दुरावलेला जोडीदार, बँडचा गिटारवादक लिंडसे बकिंगहॅम, याने तिच्यावर लिहिलेलं गाणं, मागे तिने त्याच्यावर लिहिलेलं.

पुढे हेच गाणं स्वतःच्या संकलनात घ्यायला तिला नकार मिळाला आणि ती बँडमधून बाहेर पडली. १९९७ च्या बँडच्या पुनर्मीलनात मात्र तिने ते गिटारवादकाकडे रोखून बघत गायलं. चित्रीकरण आजही फिरतं. पुनर्मूल्यांकनाची खरी सुरुवात तिथेच. २०२० मध्ये स्केटबोर्डवरच्या एका व्हिडिओमुळे याच अल्बममधलं ‘ड्रीम्स’ पुन्हा चार्टवर चढलं आणि नवे श्रोते मिळाले, पण वाद आधीच पेटलेला होता.

अल्बमच्या २००४ च्या आवृत्तीत ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ थेट मधे घुसवलं, ‘साँगबर्ड’ आणि ‘द चेन’ यांच्यामध्ये. अन्याय दूर झाला म्हणून अनेकजण खूश. मला ती घुसखोरीच वाटते. ‘साँगबर्ड’वर पहिली बाजू संपायची, उठून रेकॉर्ड उलटायची आणि मग ‘द चेन’चा ठोका पडायचा. २०१३ मध्ये मूळ अकरा गाणी पुन्हा सलग लावून ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ शेवटी नेलं. तिथे ते शोभतं.